फोटो सुंदर आला, पण डोस किती गेला? डिजिटल एक्स-रेवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात छातीचा एक्स-रे काढताना खोलीत काय काय चालतं यावर लिहिलं होतं, त्यावर एवढे प्रश्न आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. मी रेडिओग्राफर आहे, एक्स-रे रूममध्येच काम करते, त्यामुळं उत्तरंही त्याच बाजूनं आहेत. स्वतःच्या रिपोर्टबद्दलचे प्रश्न इथं घेतलेले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : ताई, पूर्वी एक्स-रे काढला की ओली फिल्म वाळेपर्यंत बाहेर बसून राहावं लागायचं. आता माझा काढला तर बटण दाबल्याबरोबर कॉम्प्युटरवर फोटो हजर. पण शेजाऱ्यांनी दुसरीकडे काढला, तिथंही 'डिजिटल एक्स-रे' अशीच पाटी होती, तरी टेक्निशियन प्लेट उचलून आतल्या मशीनकडे गेला. मग दोन्ही डिजिटल कसे? (एक निवृत्त शिक्षक)

दोन्ही डिजिटलच काका, फक्त एका पिढीचं अंतर आहे. किरण सोडणारी ट्यूब दोन्हीकडे जवळपास तीच, 1913 मध्ये कूलिज यांनी तापलेल्या फिलामेंटची जी ट्यूब केली तिचंच तत्त्व आजही चालू आहे. बदललंय ते पेशंटच्या पलीकडं, शरीरातून पार झालेले किरण झेलणारं जे असतं ते.

फिल्मच्या जमान्यातही नुसती फिल्म नसायची. एक्स-रे फिल्ममधून बहुतेक आरपार निघून जातात, म्हणून कॅसेटच्या, म्हणजे फिल्म ठेवायच्या चपट्या डब्याच्या, आत किरण पडले की चमकणारे पडदे असायचे आणि फिल्म काळी व्हायची ती मुख्यतः त्या पडद्यांच्या उजेडानं. 1896 मध्येच एडिसन यांनी कॅल्शियम टंगस्टेट यासाठी चांगलं चमकतं हे शोधलं होतं, ते कितीतरी दशकं वापरात राहिलं, मग 1970च्या दशकात गॅडोलिनियमसारख्या रेअर अर्थ धातूंचे पडदे आले आणि तेवढ्या एका बदलानं डोस, म्हणजे पेशंटला मिळणारं रेडिएशन, बराच खाली आला. म्हणजे कमी किरणांत काम भागवायची धडपड डिजिटलच्या खूप आधीपासूनची आहे.

तुमच्या शेजाऱ्यांकडे होती ती सीआर, म्हणजे कॉम्प्युटेड रेडिओग्राफी. त्या प्लेटवर बेरियम आणि युरोपियमच्या एका संयुगाचा थर असतो, किरण पडले की त्यातले इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेच्या पातळीवर चढून तिथंच अडकून बसतात, प्लेट बाहेरून बघितली तर काहीच दिसत नाही, आणि मग आतल्या मशीनमध्ये तिच्यावरून लाल लेसर फिरवला की अडकलेली ऊर्जा निळ्या उजेडाच्या रूपात सुटते, तो उजेड ठिपक्या-ठिपक्यानं मोजला की चित्र तयार. नंतर प्लेटवर भरपूर पांढरा उजेड टाकून ती पुसायची आणि पुन्हा वापरायची. कोडॅकच्या लकी यांचं ह्या कल्पनेवरचं पेटंट 1975 चं, आणि फुजीनं 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ती बाजारात आणली. ह्या शोधाची मोठी गोष्ट म्हणजे जुनं मशीन फेकावं लागलं नाही, जुन्याच ट्रेमध्ये फिल्मच्या कॅसेटऐवजी ही कॅसेट घातली की झालं, म्हणून ती जगभर पसरली.

तुमचा एक्स-रे निघाला तो डीआरवर, म्हणजे डिजिटल रेडिओग्राफीवर. तिथं प्लेट न्यायची भानगडच नाही, फ्लॅट पॅनल डिटेक्टर स्वतःच चित्र कॉम्प्युटरला पाठवतो. आता गंमत बघा, कॅमेऱ्यातल्या चिपसारखी छातीएवढी एक अखंड चिप करता येत नव्हती, कारण सिलिकॉनची चकतीच एवढी मोठी मिळत नाही आणि छातीला तर 35 बाय 43 सेंटिमीटर जागा लागते. मग उपयोगी पडलं ते लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनचं तंत्र, काचेवर अमॉर्फस, म्हणजे स्फटिक नसलेल्या, सिलिकॉनचा पातळ थर आणि त्यात लाखो बारीक ट्रान्झिस्टर. स्क्रीनमध्ये ते ट्रान्झिस्टर प्रत्येक ठिपक्याला सिग्नल देतात, इथं उलटं, प्रत्येक ठिपक्याकडून सिग्नल घेतात. 1990च्या दशकात हे पॅनल आले.

त्या काचेच्या वर असतो सीझियम आयोडाइडचा थर, आणि मला विचाराल तर अख्ख्या डिटेक्टरमधली सगळ्यात देखणी युक्ती हीच आहे. चमकणारा थर जाड केला तर जास्त किरण थांबतात म्हणजे डोस कमी लागतो, पण जाड थरात उजेड आडवा पसरतो आणि चित्र पुसट होतं, ही जुनी अडचण होती आणि पडद्यांच्या काळात ह्या दोन्हींत कायम तडजोडच करावी लागायची. सीझियम आयोडाइड नीट जमवलं तर त्याचे उभे, केसापेक्षा बारीक सुईसारखे स्फटिक वाढतात, अगदी शेजारी शेजारी दाट, आणि एका सुईत निर्माण झालेला उजेड बराचसा त्याच सुईतून खाली उतरतो, शेजारच्या सुईत फारसा जात नाही. म्हणजे थर जाडही ठेवता आला आणि रेषा तीक्ष्णही राहिल्या. हाडातली बारीक चीर दिसते ना, ती ह्या सुयांमुळं.

प्रश्न : मॅडम, माझ्या दोन वर्षांच्या मुलाच्या छातीचा एक्स-रे काढला. डिजिटल आहे म्हणजे रेडिएशन कमीच असं सांगितलं. पण त्याच्या पोटावर लेडचा ऍप्रन टाकलाच नाही, मला मात्र घालायला दिला. असं का? मला नीट झोप लागत नाहीये. (एक आई)

तुमची काळजी अगदी रास्त आहे, पण बाळाच्या बाबतीत काही चुकलेलं दिसत नाही.

आधी आकडा. मोठ्या माणसाच्या छातीच्या एका साध्या एक्स-रेला साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट एवढा डोस धरतात, मिलिसिव्हर्ट हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक. आपण नुसतं पृथ्वीवर राहतो म्हणून जमिनीतून, हवेतून, आकाशातून जे रेडिएशन मिळतं ते जगाच्या सरासरीनं वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे एक छातीचा एक्स-रे साधारण तीन दिवसांच्या नैसर्गिक रेडिएशनएवढा. लहान मुलाला सेटिंग आणखी खाली आणतात, निदान आणायलाच हवं.

आता ऍप्रन. ही पद्धत इतकी जुनी आहे की न टाकल्यावर आईबापांना धसका बसतोच. पण 2019 मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या, म्हणजे हॉस्पिटलात रेडिएशनचा हिशोब बघणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांच्या, संघटनेनं, एएपीएमनं, स्पष्ट सांगितलं की पेशंटच्या जननेंद्रियांवर किंवा गर्भावर सरसकट शील्ड टाकणं थांबवा. कारण असं की छातीच्या एक्स-रेत पोटाकडे जे थोडे किरण जातात ते बहुतेक शरीराच्या आतूनच विखुरत जातात, वर टाकलेला ऍप्रन त्यांना अडवू शकत नाही. उलट तो घसरून फोटोत आला तर नेमकं बघायचंय तेच झाकतं आणि पुन्हा काढावा लागतो. आणि बऱ्याच मशीनमध्ये पुरेसे किरण पोचले की एक्स्पोजर, म्हणजे किरण सोडणं, आपोआप बंद करणारा सेन्सर असतो, शील्ड त्याच्यावर आलं की त्याला वाटतं किरण पोचतच नाहीयेत, आणि तो मशीन चालूच ठेवतो, म्हणजे वाचवायला टाकलेल्या ऍप्रननंच डोस वाढतो! तुम्हाला दिला कारण तुम्ही मुलाला धरून उभ्या होतात, मुलाच्या अंगावरून विखुरलेले किरण तुमच्यावर बाहेरून येतात आणि ते ऍप्रन खरंच थांबवतो. तुम्हाला दिवस गेलेले असतील किंवा शंका असेल तर मात्र आधीच सांगा, मग मुलाला दुसऱ्या कोणीतरी धरायचं.

'डिजिटल म्हणजे कमीच' हे वाक्य मात्र मला पटत नाही. डिजिटलमध्ये कमी करता येतो, आपोआप होत नाही. ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : मॅम, मी रेडिओग्राफीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे एक सीनियर म्हणतात थोडं जास्तच एक्स्पोजर दे, फोटो कधी काळा पडत नाही आणि डॉक्टर खूश राहतात. फोटो खरंच छान येतो. मग हरकत काय? (एक विद्यार्थी)

हरकत आहे, आणि मोठी आहे, आणि तू विचारलंस हे फार बरं केलंस.

फिल्म चुगली करायची. जास्त दिलं तर काळी, कमी दिलं तर पांढरी, लाइट बॉक्सवर लावली की सगळ्या खोलीला कळायचं. डिजिटल डिटेक्टरची झेप प्रचंड आहे, दहा हजार पट कमी-जास्त किरणसुद्धा तो मोजू शकतो, आणि वर सॉफ्टवेअर आलेला डेटा बघून ब्राइटनेस आपोआप ठीकठाक करून दाखवतं. त्यामुळं दुप्पट दिलं काय, चौपट दिलं काय, स्क्रीनवर फोटो तसाच, उलट चित्रातले बारीक दाणे कमी झाल्यानं जास्तच गुळगुळीत. कमी दिलं तर मात्र दाणेदार येतो आणि तक्रार होते. म्हणजे चूक झाली तर ती कायम एकाच बाजूला झुकते, महिन्यामहिन्यानं सेटिंग हळूहळू वर सरकत जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ह्याला डोस क्रीप म्हणतात. पेशंटला ते दिसत नाही, डॉक्टरांना दिसत नाही, फक्त आपल्याला दिसू शकतं.

म्हणून तुझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा असतो बघ, एक्स्पोजर इंडेक्स. आधी प्रत्येक कंपनीचा वेगळा होता, एकीकडे आकडा वाढला की डोस वाढला आणि दुसरीकडे आकडा वाढला की डोस कमी, दोन मशीनवर काम करणाऱ्याचं डोकं फिरायचं. 2008 मध्ये आयईसीनं, म्हणजे विजेच्या उपकरणांची स्टँडर्ड ठरवणाऱ्या जागतिक संस्थेनं, त्याचं एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड काढलं, त्यासोबत डेव्हिएशन इंडेक्स आला. तो शून्य म्हणजे ठरवल्याएवढंच, अधिक 3 म्हणजे दुप्पट, उणे 3 म्हणजे निम्मं. शोध म्हणावं तर साधा आकडा आहे, ना नवीन धातू ना नवीन लेसर, पण पेशंटच्या बाजूनं बोलणारी ती स्क्रीनवरची एकमेव गोष्ट आहे आणि मी तिला सुयांच्या स्फटिकाएवढंच मानते. सीनियरना उलट बोलू नकोस, पण प्रत्येक फोटोनंतर डेव्हिएशन इंडेक्स वाच, आणि सतत अधिकमध्ये येत असेल तर विभागातल्या फिजिसिस्टना किंवा प्रमुखांना दाखव.

अजून एक. पूर्वी बिघडलेल्या फिल्म एका खोक्यात साठायच्या, महिनाअखेर मोजल्या की किती पेशंटना दोनदा किरण दिले आणि का दिले ते कळायचं. आता डिलीटचं बटण आहे. रिजेक्ट झालेले फोटो सिस्टिममध्ये ठेवून, प्रत्येकाचं कारण लिहून, ते बघायची सवय तुझ्या बॅचनं लावून घ्या. आणि फोटो धुरकट दिसला म्हणून लगेच रिपीट करू नकोस. खुब्यात धातूचा सांधा बसवलेला असला की तो धातू बघून सॉफ्टवेअरचा अंदाज चुकतो आणि आजूबाजूचं हाड विचित्र दिसतं, डेटा मात्र आत चांगला असतो, तोच फोटो वेगळ्या सेटिंगनं पुन्हा प्रोसेस केला की हाड व्यवस्थित दिसतं. पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यायची गरजच नाही.

प्रश्न : इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे. डिटेक्टर इतके चांगले झाले तर अजून शोध लावायला उरलंय काय? आणि ग्रिड नावाची शिशाची जाळी अजून का वापरतात, सॉफ्टवेअरनं होत नाही का?

उरलंय भरपूर, आणि तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. किरण शरीरात शिरले की बरेचसे सरळ न जाता विखुरतात, आणि जाड माणसाच्या पोटात तर डिटेक्टरवर पोचणाऱ्यांत सरळ आलेल्यांपेक्षा भरकटलेलेच जास्त. धुक्यात हेडलाइट लावल्यावर समोर नुसता पांढरा पडदा दिसतो, तसं होतं. 1913 मध्ये गुस्ताव्ह बकी यांनी शिशाच्या पट्ट्यांची जाळी काढली, सरळ येणारे किरण पट्ट्यांच्या मधून जातात आणि तिरके अडतात. पण पट्ट्यांच्या रेघा फोटोत उमटायच्या, म्हणून पुढं शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी एक्स्पोजर चालू असताना जाळीच हलती ठेवली, की रेघा पुसल्या जातात. शंभर वर्षं झाली तरी हीच जोडी टेबलाखाली काम करतेय.

तिची किंमत म्हणजे डोस, कारण काही चांगले किरणही शिशात अडतात आणि ते भरून काढायला एक्स्पोजर वाढवावं लागतं. म्हणून लहान मुलांना, जिथं अंगच बारीक आणि विखुरणं कमी, तिथं जाळी काढूनच टाकतात. आयसीयूमध्ये बेडवरच छातीचा फोटो काढताना जाळी थोडी जरी तिरकी झाली तर अर्धा फोटो फिका येतो. तिथं सॉफ्टवेअर खरंच कामाला आलंय, पेशंटच्या जाडीवरून किती किरण विखुरले असतील त्याचा हिशोब मांडून ते तेवढा भाग वजा करतं आणि कॉन्ट्रास्ट परत आणतं. पण हे इंजिनिअर म्हणून तुम्हाला लगेच पटेल, वजा होतो तो सरासरी भाग, विखुरलेल्या किरणांनी आणलेला दाणेदारपणा तसाच राहतो. जाळीनं अडवलेला किरण डिटेक्टरवर आलेलाच नसतो, हा फरक कोणतंही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही. त्यामुळं छातीला ठीक, जाड पोटाला जाळीच.

पुढचा मोठा शोध माझ्या मते फोटॉन काउंटिंग, म्हणजे किरणांचा एकेक कण, फोटॉन, वेगळा मोजणं. आत्ताचा डिटेक्टर एका ठिपक्यावर पडलेली सगळी ऊर्जा एकत्र करून एकच आकडा देतो. नवा डिटेक्टर कॅडमियम टेल्युराइडसारख्या सेमीकंडक्टरचा, त्यात उजेडाचा मधला टप्पाच नाही, प्रत्येक फोटॉनचा वेगळा ठोका मोजला जातो आणि तो केवढ्या ऊर्जेचा होता तेही कळतं. ठोका ठराविक उंचीपेक्षा लहान असेल तर मोजायचाच नाही, म्हणजे सर्किटमधले खोटे सिग्नल, इलेक्ट्रॉनिक नॉइज, बाहेर. आणि ऊर्जा कळली की कॅल्शियम कुठलं, आयोडीन कुठलं हे वेगळं काढता येतं. ह्यामागं सर्न ह्या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या मेडिपिक्स चिपवरचं कामही आहे, मुळात कण पकडायला केलेलं तंत्र. सीटी स्कॅनमध्ये असं पहिलं मशीन एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या संस्थेनं, सप्टेंबर 2021 मध्ये मंजूर केलं. छातीएवढ्या साध्या पॅनलमध्ये ते परवडणारं करून द्या, हे आव्हान तुम्हा मंडळींना.

प्रश्न : मॅमोग्राफी 3डी करावी असं डॉक्टर म्हणतात. साध्या डिजिटलमध्ये काय कमी आहे? (वय 47)

साधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा सपाट एक्स-रे, वाईट नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएमआयएसटी नावाच्या मोठ्या अभ्यासात फिल्म आणि डिजिटल सगळ्या बायका मिळून सारख्याच ठरल्या, पण पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या आणि स्तन दाट असलेल्या बायकांत डिजिटल सरस ठरलं. अडचण उरली ती एकावर एक दिसण्याची, सपाट फोटोत पुढचं-मागचं सगळं एकमेकांवर पडतं, दाट भागात गाठ लपते किंवा नसलेली गाठ भासते. 3डीत, म्हणजे टोमोसिंथेसिसमध्ये, ट्यूब कमानीत फिरत थोड्या थोड्या किरणांचे बरेच फोटो घेते आणि कॉम्प्युटर त्यातून साधारण एकेक मिलिमीटरचे थर मांडतो. एफडीएची मंजुरी 2011 ची. स्तन दाबावं मात्र तसंच लागतं, ते टळत नाही. डॉक्टरांनी सुचवलंय तर करून घ्या.

प्रश्न : एआय एक्स-रे वाचणार असेल तर रेडिओलॉजिस्टची गरज संपेल का?

नाही. पण चांगला उपयोग आहे तो सांगते. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 15 वर्षं आणि त्यावरच्या लोकांत टीबीच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे कॉम्प्युटरनं वाचायला मान्यता दिली, जिथं वाचणारा डॉक्टरच नाही तिथं हे मोठं काम आहे. कॉम्प्युटर फक्त कोणाची थुंकी पुढं तपासायची ते निवडतो, टीबी आहे हे सिद्ध होतं ते थुंकीच्या तपासणीतच. आणि प्रोग्रॅम कशावरून शिकला ते बघावं लागतं, 2018 च्या एका अभ्यासात असं दिसलं की प्रोग्रॅम फोटो कुठल्या हॉस्पिटलचा आहे हेच ओळखायला शिकला होता आणि नव्या हॉस्पिटलात नेल्यावर तेवढा चालत नव्हता.

प्रश्न : एक्स-रेचा मोबाइलनं फोटो काढून डॉक्टरांना व्हॉट्सॅप केला तर चालतं का?

घाईत, हाड मोडलंय का एवढंच बघायला, डॉक्टरांनीच मागितला तर ठीक. पण मूळ फाइलमध्ये 4,096 ते 16,384 करड्या छटा असतात, मोबाइलच्या फोटोत 256, आणि व्हॉट्सॅप ती अजून दाबतं. डॉक्टर कॉम्प्युटरवर बघताना ह्या छटा सरकवून आधी फुफ्फुस, मग मणके, मग हृदयामागचा भाग असं एकाच एक्स-रेत वेगवेगळं बघतात, तुमच्या फोटोत ते सगळं गेलेलं असतं. वर खिडकीचं प्रतिबिंब पडलं की तोच डाग वाटतो.

मागायची ती डायकॉम फाइल, सीडीवर किंवा लिंकवर. 1993 पासून हे स्टँडर्ड आहे, कुठल्याही कंपनीच्या मशीनची फाइल दुसरीकडे उघडते आणि तुमचं नाव, तारीख, सेटिंग सगळं आतच असतं. देतात, फक्त मागावं लागतं. आणि नाइलाजानं मोबाइलनंच काढायचा झाला तर अंधाऱ्या खोलीत, पूर्ण फिल्म मावेल असा, कोपऱ्यातलं नाव आणि डावी-उजवी सांगणारं 'आर' किंवा 'एल' अक्षर कापलं जाणार नाही असा काढा.